कुटुंबवत्सल अण्णा : एका शतायुषी ज्ञातिबंधूचे स्मरण

दीर्घायुष्य हे ईश्वराचे देणे आहे, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु नुसते पुष्कळ वर्षे जगणे निराळे आणि ती वर्षे कारणी लावणे निराळे. आपल्या ज्ञातीत नव्वदी ओलांडलेली माणसे दुर्मिळ नाहीत; कोकणच्या लाल मातीत आणि साध्या आहारात वाढलेली आमची वडील मंडळी काटक असत. पण शंभरी ओलांडून चार वर्षे जगलेला, आणि वयाच्या पंच्याऐंशीनंतरही नवी संस्था काढणारा पुरुष एकच झाला. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, अर्थात अण्णा. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी झाला आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला. म्हणजे जन्म कंपनी सरकारच्या अखेरच्या दिवसांतला, आणि अंत स्वतंत्र हिंदुस्थानला पंधरा वर्षे पुरी झाल्यानंतरचा.

अण्णांची चरित्रे पुष्कळ आहेत. शाळाशाळांतून त्यांच्या जयंतीस भाषणे होतात. आम्हीही शिक्षकी पेशात असताना अशी भाषणे ऐकली आणि केली. त्या भाषणांतून 'स्त्रीशिक्षणाचे महर्षी' नेहमी दिसतात. पण दोन संसार केलेला गृहस्थ, चार मुलांचा पिता आणि एका गावाचा व एका ज्ञातीचा घटक म्हणून अण्णा फारसे दिसत नाहीत. स्मरणिका ज्ञातीची आहे. तेव्हा येथे त्यांचे हे दुसरे रूप पाहावे, असे आम्ही योजिले आहे. त्यातून एक अवघड प्रश्नही उपस्थित होतो, आणि तो टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही.

घर आणि गाव

अण्णांचा जन्म शेरवली येथे आजोळी झाला. त्यांचे गाव मात्र दापोली तालुक्यातील मुरूड. समुद्रकाठ, नारळी-पोफळीच्या बागा, मध्यभागी दुर्गादेवीचे देऊळ आणि भोवती ब्राह्मणवस्ती, असे हे गाव. एके काळी वैभव पाहिलेले हे घराणे अण्णांच्या बालपणी गरिबीत होते. वडील केशवपंत दुसऱ्याच्या पदरी कारकुनी करून अल्प वेतनात संसार चालवीत. मातोश्री लक्ष्मीबाई स्वाभिमानी होत्या. बडोद्यास ब्राह्मणांना दक्षिणा मिळते असे ऐकून मुलांना तेथे जावेसे वाटले, तेव्हा त्यांनी त्यांस जाऊ दिले नाही. गरिबी असली तरी हात पसरावयाचा नाही, हा त्या माउलीचा दंडक होता. पुढे ज्या मुलाने संस्थेसाठी जन्मभर लोकांपुढे हात पसरला, त्याने स्वतःसाठी तो कधी पसरला नाही, याचे मूळ येथे आहे.

गावच्या शाळेत सोमण गुरुजींचा त्यांच्यावर मोठा संस्कार झाला. गुरुजींच्या प्रेरणेने बालवयातच अण्णा देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्या कानांवर जगाच्या वार्ता घालण्याचे हे काम होते. आम्हां शिक्षकांस यात विशेष आनंद वाटतो, तो असा की, एका खेडेगावच्या साध्या पंतोजीने लावलेले रोप पुढे एवढे वाढले, आणि त्या पंतोजीचे नाव शिष्याच्या आत्मवृत्तामुळे टिकून राहिले.

त्यांच्या विद्यार्थिदशेतील साताऱ्याची गोष्ट सर्वश्रुत आहे. १८७५ साली सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी अण्णा व त्यांचे सोबती भर पावसाळ्यात, नद्या-नाले आणि सह्याद्रीचा घाट ओलांडून शंभर मैलांहून अधिक वाट पायी तुडवीत साताऱ्यास पोहोचले. तेथे परीक्षा-समितीच्या प्रमुखास हा लहानखुरा मुलगा सतरा वर्षांचा वाटेना. त्यास परीक्षेस बसू दिले नाही. आले तसे परत जावे लागले. दुसऱ्या वर्षी कोल्हापुरास जाऊन ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते, आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. आजकाल एक वर्ष वाया गेले तर मुले खचतात आणि आईबाप मुलांहून अधिक खचतात. त्यांनी हे आकडे पाहावेत. तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झालेला विद्यार्थी पुढे विद्यापीठाचा संस्थापक झाला.

पहिला संसार

अण्णांचा पहिला विवाह १८७३ साली, ते पंधरा वर्षांचेही नसताना, राधाबाईंशी झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे वडील माणसांनी ठरविलेला तो विवाह होता. १८८२ साली ज्येष्ठ पुत्र रघुनाथ यांचा जन्म झाला. पुढे अण्णांनी मुंबईस बिऱ्हाड केले. तेथे त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांच्या कुटुंबासह दोन्ही घरे एका छपराखाली नांदत. पदवीधर झाल्यावर अण्णा मुंबईत निरनिराळ्या शाळांतून शिकवीत आणि शिकवण्या करीत; पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांचा दिवस शिकविण्यातच जाई. मराठा हायस्कूल, तसेच मुलींच्या इंग्रजी शाळा येथेही त्यांनी गणित शिकविले.

याच दिवसांत गावाचे ऋण त्यांच्या मनात होते. पोटासाठी परगावी गेलेल्या मुरूडकरांनी आपल्या प्राप्तीतून अल्पसा अंश काढून ठेवावा आणि त्यातून गावाची कामे व्हावीत, अशा कल्पनेने 'मुरूड फंड' उभा करण्यात अण्णांचा पुढाकार होता. आज आपले ज्ञातिसंघ विद्यार्थी-साहाय्य निधी चालवितात. त्या कल्पनेचे बीज असल्या फंडांत सापडते. मिळकत कितीही तुटपुंजी असो, तिच्यातला काही वाटा आपला नव्हे, ही शिस्त अण्णांनी तरुणपणीच अंगी बाणविली.

१८९१ साल त्यांच्या आयुष्यात दोन्ही अर्थांनी वळणाचे ठरले. त्या वर्षी राधाबाई वारल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस, नामदार गोखले यांच्या बोलावण्यावरून, ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून गेले. लोकमान्य टिळक कॉलेज सोडून गेल्यामुळे गणिताची जागा रिकामी होती. पुढे अण्णा डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि १९१४ साली निवृत्त होईपर्यंत अल्प वेतनावर त्यांनी तेथे सेवा केली.

गावाचा बहिष्कार

विधुर झालेल्या तेहतीस वर्षांच्या पुरुषास त्या काळी दहा-बारा वर्षांची वधू सहज मिळे. समाज त्यात काही वावगे मानीत नसे. उलट आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच कपाळ पांढरे झालेल्या मुलीने मात्र केशवपन करून, एका कोनाड्यात आयुष्य काढावयाचे, हाही धर्मच समजला जाई. एकाच दुःखाला पुरुषासाठी एक न्याय आणि स्त्रीसाठी दुसरा, असा हा विलक्षण हिशेब होता. गणिताच्या या अध्यापकास तो पटला नाही. पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांनी निश्चय केला.

नरहरपंतांची बहीण गोदूबाई ही अशीच बालविधवा होती. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यास तिचा अण्णांशी विवाह झाला. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले. पुढे सारे त्यांना 'बाया' म्हणत.

नवदंपती मुरूडास गेले, आणि ज्या गावासाठी अण्णांनी फंड उभा केला होता त्या गावाने सभा भरवून त्यांस वाळीत टाकले. बहिष्कार त्यांच्यापुरता राहता तर एक वेळ सोसवला असता. पण जो त्यांच्याशी व्यवहार ठेवील तोही बहिष्कृत, असा नियम झाल्यामुळे वृद्ध आई, वडील बंधू आणि बहीण यांच्यावर मोठेच संकट ओढवले. आईने मुलास जवळ करावे तर गाव तुटते, आणि गाव धरावे तर मुलगा दुरावतो. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे नव्या पिढीस सांगावे लागेल. भटजी पूजेस येत नाही, पंक्तीस पान मांडले जात नाही, लग्नकार्याचे आमंत्रण येत नाही, आणि मरणाच्या वेळी खांदा द्यावयास माणूस मिळेल की नाही, याची शाश्वती राहत नाही. एकही काठी न उगारता माणसास जिवंतपणी मारण्याची ही रीत होती.

येथे तो अवघड प्रश्न येतो. ज्यांनी वाळीत टाकले ते कोण होते? ते परके नव्हते. ते आपलेच आजोबे-पणजोबे होते. त्यातले कित्येक सदाचारी, विद्वान, देवधर्म करणारे गृहस्थ असतील. आज आपण व्यासपीठावर अण्णांची तसबीर मांडून 'आमच्या ज्ञातीचे भूषण' असे म्हणतो. पण हे भूषण जेव्हा ज्ञातीच्या दाराशी प्रत्यक्ष उभे होते, तेव्हा ज्ञातीने दार लावून घेतले होते. कीर्तीचा वाटा घ्यावयाचा आणि या इतिहासाचा वाटा नाकारावयाचा, हे सचोटीचे नव्हे. भूषण म्हणून नाव घ्यावयाचे असेल तर ऋण म्हणूनही घेतले पाहिजे.

अण्णांनी मात्र या गोष्टीचे भांडवल केले नाही. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्यांनी हे प्रसंग शांतपणे, जणू दुसऱ्याचे असावेत तसे, सांगितले आहेत. गावाने त्यांना सोडले तरी खेड्यांची चिंता त्यांनी सोडली नाही. त्याचा पुरावा पुढे येईलच.

हिंगण्याची वाट

विवाहाच्या वर्षीच अण्णांनी विधवाविवाहाच्या कार्यास वाहिलेली मंडळी स्थापण्यात भाग घेतला. परंतु थोड्याच काळात त्यांच्या ध्यानी आले की, पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रिया मोजक्याच निघणार. बाकीच्या शेकडो विधवांना विद्या आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे बळ हवे आहे. म्हणून १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. स्वतःजवळची एक हजार रुपयांची शिल्लक त्यांनी आरंभीच त्यात घातली. पुढे आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीदेखील संस्थेच्या नावे केली. पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा आश्रम शहराबाहेर नेणे भाग पडले. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले, आणि १९०० साली तेथे एका साध्या झोपडीत आश्रम सुरू झाला. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवावे आणि संध्याकाळी चिखल तुडवीत हिंगण्याची वाट धरावी, असा अण्णांचा क्रम कित्येक वर्षे चालला.

या वाटेची चित्रे पुष्कळांनी रंगविली आहेत. पण त्याच वेळी घरी काय चालले होते, इकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. आश्रमात मुली पाठविणाऱ्या पालकांना भीती वाटे की, येथे आपल्या लेकींची पुन्हा लग्ने लावतील. ती भीती घालविण्यासाठी अण्णांनी आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ ही दोन कार्ये अगदी वेगळी ठेवली. त्याचा परिणाम असा झाला की, पुनर्विवाहित बायांनाच आरंभी आश्रमात राहण्यास मज्जाव झाला. पती हिंगण्यास, पत्नी मुलांसह शहरात. ज्या स्त्रीने समाजाचा बहिष्कार पतीबरोबर सोसला, तिला पतीच्या संस्थेचा उंबरठाही काही काळ परका राहिला.

बाया मुकाट्याने सोसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सुईणपणाचे शिक्षण घेतले होते. संसाराला हातभार लावला, वर्गण्या गोळा केल्या, आणि पतीने विम्याची रक्कमही देऊन टाकली तेव्हा मुलांचे पुढे काय, हा प्रश्न त्यांनी स्पष्टपणे विचारला. सगळे चव्हाट्यावर देऊन बसणाऱ्या पुरुषाच्या बायकोने तो प्रश्न विचारावयाचा नाही तर कोणी विचारावयाचा? पुढे १९४४ साली 'माझे पुराण' हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. अण्णांचे आत्मवृत्त वाचणाऱ्याने ते पुस्तकही शेजारी ठेवून वाचावे, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते. एकात संस्थेचा जमाखर्च आहे, दुसऱ्यात तो जमाखर्च ज्या घरातून भागला त्या घराचा.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीही विधवा. ती आश्रमात आली, शिकली, आणि आश्रमासाठी झोळी घेऊन देशभर हिंडली. इंग्रजीचा फारसा आधार नसताना ती अमेरिकेपर्यंत जाऊन आली. म्हणजे नरहरपंत, बाया आणि पार्वतीबाई ही तिन्ही भावंडे अण्णांच्या कार्यात गुंतली. आश्रम हे एका पुरुषाचे काम नव्हते. दोन कुटुंबांनी मिळून ओढलेला तो गाडा होता. 'कुटुंबवत्सल' हा शब्द आपण मुलाबाळांचे लाड करणाऱ्या माणसास लावतो. अण्णांच्या बाबतीत त्याचा अर्थ निराळा आहे. त्यांनी कुटुंबावर माया केली ती त्याला आपल्या कामात भागीदार करून. आणि त्या भागीदारीत कुटुंबाने खरोखरच तोटा सोसला. हे दोन्ही सांगितले तरच चरित्र पुरे होते.

विद्यापीठ आणि विश्वसंचार

१९०७ साली हिंगण्यास महिला विद्यालय सुरू झाले आणि १९०८ साली निःस्पृह सेवक तयार करण्यासाठी निष्काम कर्ममठाची स्थापना झाली. याच सुमारास जपानमधील महिला विद्यापीठाविषयी माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ च्या जूनमध्ये ते स्थापनही केले. त्या वेळी अण्णा अठ्ठावन्न वर्षांचे होते. ज्या वयात आम्ही पेन्शनीचे कागद जुळवू लागतो, त्या वयात त्यांनी विद्यापीठ काढले. मातृभाषेतून उच्च शिक्षण, हे त्याचे वैशिष्ट्य होते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव देण्यात आले. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. सरकारची कायदेशीर मान्यता मिळण्यास मात्र १९५१ साल उजाडले. पस्तीस वर्षे मान्यतेवाचून विद्यापीठ चालविणे म्हणजे काय, हे ज्याने संस्था चालविली असेल त्यासच कळेल.

विद्यापीठासाठी अण्णांनी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ च्या मार्चमध्ये, जगप्रवासास प्रयाण केले. इंग्लंड, युरोप, अमेरिका व जपान असा प्रवास करून ते पुढच्या वर्षी परतले. लगेच पुढे त्यांनी आफ्रिकेचा दौरा केला. पूर्व आफ्रिकेत त्यांचे पुत्र शंकर डॉक्टरी करीत होते. तिकडच्या हिंदी व्यापाऱ्यांनी आणि नोकरदारांनी विद्यापीठास मदत केली. लहानपणी साताऱ्याहून विन्मुख परतलेला मुलगा सत्तरीनंतर पृथ्वीप्रदक्षिणा करून आला.

चार पुत्र, चार वाटा

अण्णांच्या चार पुत्रांनी आपापल्या वाटा धरल्या. ज्येष्ठ रघुनाथ यांनी संततिनियमनाचा प्रचार केला. १९२१ साली त्यांनी त्यासाठी केंद्र काढले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. त्यापायी त्यांना खटले सोसावे लागले. त्यांपैकी एकात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. वडिलांच्या वाट्यास गावाचा बहिष्कार आला, मुलाच्या वाट्यास साऱ्या प्रतिष्ठित समाजाचा रोष आला. शंकर आफ्रिकेत स्थायिक झाले. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी इरावतीबाई या मानववंशशास्त्राच्या थोर विदुषी. कनिष्ठ भास्कर आणि त्यांच्या पत्नी कावेरीबाई यांनी हिंगण्याच्या संस्थेस वाहून घेतले. एकाच घरात एवढी भिन्न कर्तबगारी दिसते, आणि त्यात सुनांची नावे मुलांच्या बरोबरीने घ्यावी लागतात, ही त्या घराची खरी मिळकत होय.

दीर्घायुष्याचा कर अण्णांनाही भरावा लागला. १९५० साली बाया गेल्या. १९५३ साली ज्येष्ठ पुत्र रघुनाथ गेले, तेव्हा अण्णा पंच्याण्णव वर्षांचे होते. शंभर वर्षे जगण्याचा आशीर्वाद आपण सहज देतो. पण शतायुषी माणसास आपल्या माणसांच्या चिता पाहाव्या लागतात, हे त्या आशीर्वादात कोणी बोलून दाखवीत नाही.

पंच्याहत्तरीनंतर

आता त्या पुराव्याकडे वळू. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या सुमारास, अण्णांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या लहान खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती तेथे शाळा उघडणे, हा त्याचा उद्देश. त्यासाठी हा वृद्ध गृहस्थ दारोदार फिरून लहान लहान वर्गण्या गोळा करी. मुरूडच्या देवळात वर्तमानपत्र वाचणारा मुलगा पंच्याहत्तरी उलटल्यावरही तेच काम करीत होता. एका खेड्याने त्याला टाकले. त्याने अनेक खेड्यांना शाळा दिल्या.

आणि १ जानेवारी १९४४ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी समता संघ स्थापन केला. जातिभेद आणि उच्चनीचभाव जाऊन माणसामाणसांत समता नांदावी, हे त्याचे ध्येय. त्यासाठी 'मानवी समता' हे पत्रही त्यांनी चालविले. ज्ञातिबंधूंनो, ज्ञातीच्या स्मरणिकेत ही गोष्ट छापताना आमची लेखणी क्षणभर थबकते. ज्यांचे नाव आपण ज्ञातीचे भूषण म्हणून घेतो, त्यांचे शेवटचे मोठे कार्य ज्ञातीचा अभिमान सोडा, हे सांगण्याचे होते. आम्ही याचा असा अर्थ करितो की, ज्ञातिसंघाने गरीब विद्यार्थ्यास पुस्तके द्यावीत, वृद्धांस आधार द्यावा, आपला इतिहास लिहून ठेवावा. पण ज्ञातीची वेस ही भिंत समजू नये. अण्णा प्रथम मुरूडकरांसाठी झटले, मग विधवांसाठी, मग समस्त स्त्रीवर्गासाठी, मग खेड्यांसाठी आणि शेवटी मनुष्यमात्रासाठी. वर्तुळ दर वेळी मोठे झाले. मुरूड फंडाने आरंभ झाला म्हणून तो फंड लहान ठरत नाही. मात्र फंडावरच थांबते तर अण्णा अण्णा झाले नसते.

उशिरा का होईना, देशाने त्यांचा गौरव केला. बनारस, पुणे आणि मुंबई या विद्यापीठांनी सन्मानाच्या पदव्या दिल्या. १९५५ साली पद्मविभूषण आणि जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५८ साली, भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. त्याच वर्षी त्यांच्या हयातीत त्यांचे चित्र असलेले टपालाचे तिकीट निघाले. आज हिंगण्याच्या त्या परिसरास कर्वेनगर म्हणतात. झोपडीच्या जागी मोठी शिक्षणसंस्था उभी आहे, आणि तेथे शिकणाऱ्या मुलींना कोणी तुझी जात कोणती, तू कुमारी की विधवा, असे विचारीत नाही.

आमचे मागणे

नुसत्या गौरवाने लेख संपवावा, असे आम्हांस वाटत नाही. दोन गोष्टींकडे ज्ञातिबंधु-भगिनींचे लक्ष वेधावयाचे आहे.

पहिली गोष्ट बहिष्काराची. कोणी म्हणेल की, हे सारे सव्वाशे वर्षांपूर्वीचे झाले. तसे असते तर महाराष्ट्र विधिमंडळास २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला नसता. तो २०१७ पासून अंमलात आहे, आणि असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. वाळीत टाकणे आता गुन्हा आहे. आपल्या ज्ञातीत आता गावसभा भरत नसतील. पण मुलीने परजातीत लग्न केले म्हणून तिचे नाव न काढणे, घटस्फोट घेतलेल्या सुनेस मंगलकार्यात मागे बसविणे, विधवेस हळदीकुंकवाचे बोलावणे न धाडणे, हे बहिष्काराचेच सौम्य अवतार होत. कायदा यांच्यापर्यंत पोहोचत नाही; तेथे आपल्यालाच पोहोचले पाहिजे.

दुसरी गोष्ट कुलवृत्तांतांची. आपल्या ज्ञातीत कुलवृत्तांत सिद्ध करण्याची परंपरा मोठी आणि अभिमानास्पद आहे. परंतु जुने कुलवृत्तांत उघडले तर पुरुषांचे शिक्षण, नोकरी, इनाम, पराक्रम सविस्तर सापडतात. स्त्रियांची नोंद पुष्कळदा एका ओळीत संपते. बालविधवा झालेल्या किती आत्या आणि किती काकू त्या पानांत नावावाचून हरवल्या असतील, त्याची गणती नाही. बायांनी आपले पुराण सांगितले म्हणून त्या हरवल्या नाहीत. ज्यांना सांगता आले नाही त्यांचे पुराण घरातल्या नव्वदीच्या आजीकडून अजूनही ऐकावयास मिळेल. या वर्षी प्रत्येक घराने आपल्या कुळातील निदान एका स्त्रीची हकीगत, तिच्या माहेरच्या नावासह, वहीत लिहून संघाकडे पाठवावी. पुढील कुलवृत्तांताची ती सामग्री होईल.

अण्णांनी एकशे चार वर्षांत जे केले ते आपणांपैकी कोणाच्याच हातून होणार नाही. पण एका वर्षात एक दार उघडणे आणि एक नाव नोंदविणे, एवढे कोणासही जमण्यासारखे आहे. तेवढे झाले तर व्यासपीठावर अण्णांची तसबीर मांडताना आपणांस खाली पाहावे लागणार नाही.